विसावर विमा? भावा, हात आवर

रंकाळ्यावर भेळ खाताना गोव्याच्या कॅसिनोतल्या ब्लॅकजॅकचा, म्हणजे एकवीस न ओलांडता त्याच्या जवळ जायच्या पत्त्यांच्या खेळाचा, विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘डीलरचा एक्का दिसला आणि आपल्या हातात वीस असले, तर इन्शुरन्स घ्यायचाच, पान वाचतं.’ वर्षानुवर्षं चाललेला हा समज साफ चुकीचा आहे.

इन्शुरन्स तुमचं पान वाचवत नाही. डीलरचं झाकलेलं पान दहाचं निघून एक्क्यासोबत त्याचे एकवीस होतात का, यावर लावलेली ती वेगळी पैज आहे. देणं एकास दोन. म्हणजे उरलेल्या पानांत दहाची पानं एक तृतीयांशाहून जास्त असली तरच ती परवडते.

सहा कॅटमध्ये ३१२ पानं, त्यात दश्शी, गुलाम, राणी, राजा मिळून ९६. तुमच्या हातात राजा-राणी, समोर एक्का. उरली ३०९, त्यांत दहाची ९४. तिसऱ्या हिश्शाहून कमी, म्हणजे विम्यावर लावलेल्या शंभराला सरासरी पावणेनऊ रुपये तोटा. वीस जमवायला दहाची दोन पानं तुम्हीच उचललीत ना! म्हणून ‘चांगल्या’ पानावर विमा उलट जास्त महाग पडतो.

आधी वाटून गेलेले पत्ते मोजणाऱ्याला मात्र दहाची पानं दाट उरलीत हे कळतं, तेव्हाच तो इन्शुरन्स घेतो. दर डावाला पिसणाऱ्या ऑनलाइन खेळात तर मोजायलाच काही उरत नाही.