दीर्घ श्वासाने बीपी उतरतं, पण ऑक्सिजनमुळे नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर तो व्हिडिओ परत फिरतोय. खोल श्वास घ्या, रक्तातला ऑक्सिजन वाढेल, नसा मोकळ्या होतील, बीपीची गोळी सुटेल. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल तर बोटाला लावून बघा, निरोगी माणसाचं रीडिंग नेहमीचा श्वास चालू असतानाच ९५ च्या वर असतं, म्हणजे रक्त आधीच जवळपास भरलेलं आहे, अजून कोंबणार कुठे? पण श्वासाचा बीपीवर परिणाम होतो हे खरंच आहे, फक्त तो होतो मेंदूच्या देठातून, आणि ही भानगड इतकी सुंदर आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मेंदू जिथे मणक्यात उतरतो तिथे मेड्युला, शाळेच्या पुस्तकातलं मस्तिष्कपुच्छ. त्यात श्वासाचा ठेका धरणारा पेशींचा एक छोटा पुंजका आहे, प्री-बॉटझिंगर कॉम्प्लेक्स, तो १९९१ मध्ये उंदरांच्या मेंदूत सापडला. त्याच्या अगदी शेजारी आरव्हीएलएम नावाचा दुसरा पुंजका. याचं काम म्हणजे पाठीच्या कण्यातून सिंपथेटिक नसांना, म्हणजे धोक्याच्या वेळी शरीर सज्ज करणाऱ्या नसांना, सतत सिग्नल पाठवत राहणं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या थोड्या आवळलेल्या राहतात आणि आपण उभं राहिलो तरी चक्कर येत नाही. आता गंमत अशी की हे दोन शेजारी एकमेकांशी वायरिंगने जोडलेले आहेत, त्यामुळे सिंपथेटिक सिग्नल सलग येत नाही, श्वासाच्या लयीत झुंडीझुंडीने येतो.

केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एड्रियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्येच प्राण्यांच्या सिंपथेटिक नसांमध्ये या झुंडी नोंदवल्या होत्या. कुणी म्हणेल की छाती हलते, फुप्फुसं ताणली जातात, त्याचाच हा परिणाम असेल. काही अंशी तसं आहेही, पण पुढे प्राण्यांचे स्नायू औषधाने निकामी करून, फुप्फुसांतून येणारी व्हेगस नस कापूनसुद्धा लय गेली नाही, म्हणजे छाती हलो न हलो, मेड्युलाच श्वासाची लय सिंपथेटिक नसांवर छापतो.

माणसात हे प्रत्यक्ष ऐकता येतं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, कातडीजवळून एक नस जाते, तिच्यात टंगस्टनची केसासारखी सुई घालतात आणि सिग्नल स्पीकरला जोडतात. श्वास सोडून झाला की फस्स फस्स असे झोत जास्त येतात, श्वास पूर्ण आत घेतला की कमी होतात. माणसाने श्वास रोखून धरला तर झोत वाढत वाढत जातात, आणि पहिला श्वास आत गेला की एकदम शांतता. कारण त्या वेळी फुप्फुसांच्या ताणाचे सेन्सर, मानेतल्या धमनीतले दाबाचे सेन्सर आणि आतली लय, तिघांचाही निरोप मेड्युलात एकत्र पोचतो.

संथ श्वासाचा उपयोग इथे होतो. इटलीत २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हूं' म्हणायला लावलं, दोन्हींमध्ये श्वास आपोआप मिनिटाला साधारण ६ वर आला आणि दाब सांभाळणारा रिफ्लेक्स सुधारला. प्रार्थना कुठल्या धर्माची याने काही फरक पडला नाही, काम केलं ते लयीने. तेव्हा प्राणायाम जरूर करा, पण नाकपुडीतून वैश्विक ऊर्जा शिरते असं सांगणाऱ्यांच्या नादी लागून गोळी बंद करू नका, अशाने माणसं अर्धांगवायूने आडवी होतात.

हीच जोडणी बिघडली तर बीपी चढतं. जन्मतः बीपीकडे झुकलेल्या उंदरांच्या एका जातीत बीपी वाढायच्या आधीच, पिल्लू असतानाच, श्वासाबरोबरचे सिंपथेटिक झोत नेहमीपेक्षा मोठे असतात. आणि झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याच्या आजारात, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियात तर रात्रभर हाच खेळ चालतो, घसा बंद होतो, श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, ऑक्सिजन पडतो, मानेतली, रक्तातला ऑक्सिजन जोखणारी तांदळाच्या दाण्याएवढी कॅरोटिड बॉडी मेड्युलाकडे बोंब मारते, झोत वाढतात, दाब उसळतो, मग माणूस दचकून श्वास घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून. वाईट म्हणजे दिवसा श्वास नीट चालू असतानाही या लोकांच्या नसा खवळलेल्याच राहतात. झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन नियमित लावलं की काही महिन्यांत हे झोत कमी होतात. घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल आणि तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसेल, तर डॉक्टरांना स्लीप स्टडीबद्दल विचारा.