पोरांनी पोरांसाठी बनवलेला अभ्यास : ही कल्पना आली कुठून?

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या पाचवी-सहावीच्या सहा पोरापोरींनी मिळून स्क्रॅचमध्ये (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा) एक खेळ बनवला, भाजीवालीचा. स्क्रीनवर मावशी बसलीये, पुढे टोपल्या, आणि ती विचारते, "तेरा रुपये झाले, वीस दिलेस, परत किती देऊ?" उत्तर बरोबर आलं की मेथीची जुडी टुणकन पिशवीत. खेळ होता दुसरीतल्या मुलांसाठी, दोघांनी मिळून खेळायचा, एक गिऱ्हाईक आणि एक गल्ल्यावर. बघायला आलेल्या एका बाबांनी विचारलं की हे नक्की काय चाललंय, कोडिंग शिकतायत की गणित? प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याच्या उत्तराला पन्नासहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, तो मला फार जवळचा वाटतो म्हणून नीट लिहून काढतोय.

सुरवात १९६७ ची. अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिजमध्ये बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन नावाची कंपनी होती, तिथे वॉली फुर्झाइग, सिंथिया सोलोमन, सीमोर पॅपर्ट वगैरे मंडळींनी मुलांसाठी म्हणून एक प्रोग्रामिंगची भाषा तयार केली, लोगो. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे खोलीभर मशीन आणि लाखोंचा खर्च, तो पोरांच्या हातात द्यायचा हा विचारच लोकांना वेडेपणा वाटायचा. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, गणितज्ञ, जिनिव्हात मुलं विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या जाँ पियाजे यांच्यासोबत काही वर्षं काम करून आलेले. मूल स्वतःच्या हातानं काहीतरी घडवत घडवत ज्ञान उभं करतं, बाहेरून ओतून ते येत नाही, हे तिथून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

लोगो म्हटलं की सगळ्यांना आज्ञा पाळत चित्र काढणारं कासव आठवतं, पण बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनच्या मझी शाळेत १९६८-६९ ला सातवीची मुलं लोगो शिकत होती तेव्हा कासव अजून आलंच नव्हतं, सगळं शब्दांवर आणि वाक्यांवर चालायचं. त्या सुरवातीच्या काळातली एक गोष्ट पॅपर्ट सांगायचे. तेरा वर्षांची एक मुलगी कॉम्प्युटरकडून कविता करून घ्यायला बसली होती, त्यासाठी शब्दांचे गट पाडावे लागत होते, आणि ते पाडता पाडता नाम आणि क्रियापद वेगवेगळे का करायचे हे तिला लख्ख कळलं, जे व्याकरणाच्या तासाला कधी कळलं नव्हतं. त्याच शाळेत गणिताच्या वर्गाकडे जाताना वाटेत चित्रकलेचा वर्ग लागायचा, तिथे मुलं कित्येक आठवडे साबणाच्या वडीतून शिल्पं कोरत बसायची, एकमेकांचं बघायची, विचारायची, बदलायची. गणितसुद्धा असं का नसावं, हा पॅपर्टना तिथे पडलेला प्रश्न पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे.

मग १९७० च्या आसपास एमआयटीत, म्हणजे केंब्रिजमधल्याच नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठात, कासव आलं, आधी जमिनीवर चालणारा खराखुरा रोबो, पोटाला पेन लावलेला. (ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञानी चाळीसच्या दशकाच्या शेवटी केलेल्या यांत्रिक कासवांवरून हे नाव पडलं.) त्याला सांगायचं, रिपीट ४ [फॉरवर्ड १०० राइट ९०], म्हणजे शंभर पुढे जा, काटकोनात उजवीकडे वळ, असं चार वेळा, की चौकोन तयार. अडलं तर स्वतः कासव व्हायचं, उठून चालायचं, चार पावलं पुढे, उजवीकडे वळ, मित्रानं आज्ञा द्यायची आणि आपण ती तंतोतंत पाळायची. मुलांबरोबर एकदा अंगणात खडूनं करून बघा, चूक कुठे झाली ते पायांना आधी कळतं!

पण माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान लोगोचंही नाही आणि स्क्रॅचचंही नाही, ते आहे बॉस्टनच्या हेनिगन शाळेचं, आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलतच नाही. १९८५ ला तिथे एमआयटीचा प्रोजेक्ट हेडलाइट सुरू झाला, भरपूर कॉम्प्युटर, मधल्या मोकळ्या जागेत गोलात मांडलेले, म्हणजे येता-जाता एकमेकांचं काम दिसेल असे. तिथे इदित हारेल या संशोधक बाईंनी चौथीतल्या १७ मुलांना काम दिलं की तुम्ही अपूर्णांक शिकवणारं सॉफ्टवेअर बनवा, तिसरीतल्या मुलांसाठी. बघा हं, अपूर्णांक शिका असं नाही म्हटलं, शिकवणारं काहीतरी बनवा म्हटलं. प्रत्येकाला एक वही, त्यात रोज आज काय करणार, कुठे अडलं, उद्या काय, हे लिहायचं आणि चित्रं काढायची.

एक मुलगी होती, अपूर्णांक तिला अजिबात आवडायचे नाहीत, तिच्या लेखी अपूर्णांक म्हणजे अर्धा रंगवलेला गोल, संपलं. काही दिवसांनी तिनं स्क्रीनवर एक घर काढलं, सूर्य काढला, गाडा काढला, प्रत्येकाचा अर्धा भाग रंगवला आणि खाली लिहिलं की अपूर्णांक तुम्ही जवळपास रोज वापरता. ही समजूत तिला कुणी दिली नव्हती, धाकट्यांना काय दाखवू याचा विचार करता करता ती तिथे पोचली. आणि प्रत्येकाचा प्रोग्राम वेगळा असला तरी कल्पना इकडून तिकडे सतत फिरत होत्या. नंतर त्याच शाळेत यास्मिन काफाई या दुसऱ्या संशोधक बाईंनी पुढचं पाऊल टाकलं, चौथीतल्या मुलांना अपूर्णांकांचे गेम बनवायला लावले आणि तिसरीतली मुलं येऊन ते गेम तपासून जायची. कोडिंग की गणित, या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं तिथेच मिळालेलं आहे, दुसऱ्याला समजेल असं करायला गेलं की दोन्ही एकत्रच शिकावं लागतं.

गटाचं म्हणाल तर पॅपर्टना ब्राझीलमधल्या रिओच्या सांबा स्कूलचं, म्हणजे कार्निव्हलसाठी नाच बसवणाऱ्या मंडळांचं, फार कौतुक. तिथे लहान-मोठे, नवशिके-मुरलेले सगळे एकत्र नाचतात, शिकवणं आणि करणं वेगळं काढताच येत नाही. आपल्याकडे ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जो उभा राहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. १९९३ ला बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये कॉम्प्युटर क्लबहाऊस निघालं, शाळा सुटल्यावर मुलांनी यावं, हवं ते बनवावं, आणि त्यातूनच एमआयटीच्या मिचेल रेझनिक आणि त्यांच्या टीमला दिसलं की मुलांना अॅनिमेशन, गेम, संगीत करायचंय पण हाताशी असलेल्या भाषा त्यासाठी अवघड आहेत, एक स्पेलिंग चुकलं की सगळं ठप्प.

स्क्रॅच तिथून आलं, काम २००३ ला सुरू झालं आणि २००७ च्या मे महिन्यात ते सगळ्यांसाठी खुलं झालं. लेगोसारखे जोडायचे ठोकळे, चुकीचा ठोकळा बसतच नाही. नाव घेतलं डीजे लोक रेकॉर्ड पुढे-मागे फिरवतात त्यावरून, कारण दुसऱ्याचं घेऊन त्यात आपलं मिसळायचं हाच पाया, यालाच रीमिक्स म्हणतात. यात सुरवातीला भांडणंही झाली, पोरं चिडायची की माझा गेम चोरला, म्हणून टीमनं मूळ प्रोजेक्टची लिंक आपोआप दिसेल अशी सोय केली, तरी मशीननं नाव दिलं आणि मित्रानं स्वतःहून 'थँक्यू' लिहिलं यात मुलांना फरक वाटायचाच. गटात काम करून घेणाऱ्या प्रत्येक ताईदादानं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

महाराष्ट्राशी याचा धागा त्याच वर्षीचा. २००७ च्या शेवटी रायगडमधल्या कर्जत तालुक्यातल्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांना ते छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले, एका मुलामागे एक लॅपटॉप या योजनेतले. त्या लॅपटॉपमध्ये कासवही होतं, आणि आपलं काम शेजारच्या मुलाबरोबर थेट शेअर करायची सोयही. साधारण त्याच सुमारास आयआयटी मुंबईत 'कॉम्प्युटर मस्ती' हा शाळांसाठीचा अभ्यासक्रम आकार घेत होता, त्यातही स्क्रॅच आहे. पुढे २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगच्या अॅक्टिव्हिटी आल्या, गोव्यात तर सरकारी योजनेतून मधल्या वर्गांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवतात. हे सगळं चांगलंच आहे, फक्त बऱ्याच ठिकाणी सर सांगतात तसे ठोकळे लावायचे आणि सर्टिफिकेट घ्यायचं एवढंच उरतं, हेनिगनच्या मुलांसमोर कायम असलेली ती तिसरीतली पोरं कुठे दिसतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या भाजीवालीकडे दुसरीतली मुलं आली तेव्हा काय झालं ते सांगतो. निम्म्या मुलांना प्रश्न वाचायलाच वेळ लागत होता, तोवर गल्ल्यावरचं पोरगं कंटाळून मेथीवर क्लिक करत बसलेलं. आमचे सहाही जण हिरमुसले, मग त्यांच्यात तासभर वाद झाला, एक म्हणे अक्षर मोठं करू, दुसरी म्हणे आकडे लहान करू. शेवटी ठरलं की मावशीनं बोलायचं. आता प्रश्न आवाजात आहे, गटातल्या एका मुलीच्या आजीच्या, आणि गल्ल्यावरच्याला खरोखर काम मिळालंय, स्क्रीनवरची नाणी उचलून गिऱ्हाइकाला मोजून द्यायची आणि गिऱ्हाइकानं ती तपासून 'बरोबर' दाबायचं. सात रुपये पाच-दोन असेही होतात आणि दोन-दोन-दोन-एक असेही, हे आधी त्यांच्या प्रोग्रामला चालत नव्हतं, काल रात्री ते दुरुस्त झालं. रविवारी दुसरीवाले परत येणारेत.