मातीच्या थरांना खांब कसे मिळाले

मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. हे घडवणारी खनिजं स्मेक्टाइट गटातली. त्यांतलं सर्वांत परिचित मॉन्टमोरिलोनाइट. त्याचे थर जेमतेम एक नॅनोमीटर जाड, आणि मधे पाणी व सोडियम-कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. पाणी शिरलं की थर फाकतात, उडालं की पुन्हा एकमेकांवर बसतात. पिलर्ड क्ले, म्हणजे खांब दिलेली माती, जन्माला आली ती हे मिटणं थांबवण्यासाठी.

१९३०च्या दशकात यूजीन हूड्री यांनी आम्ल-प्रक्रिया केलेली माती उत्प्रेरक म्हणून वापरून जड तेलापासून पेट्रोल काढलं. पुढे झिओलाइट, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक छिद्रांचे स्फटिक, आले आणि माती बाजूला पडली. १९५५ साली बॅरर आणि मॅक्लाउड या संशोधकांनी थरांमध्ये सेंद्रिय अमोनियम आयन बसवून जागा मोकळी ठेवता येते हे दाखवलं होतं. कल्पना मला आजही देखणी वाटते, पण सेंद्रिय खांब भट्टीच्या उष्णतेत टिकणारे नव्हते.

१९७३ला तेलाचे भाव भडकले. जड तेलाचे मोठे रेणू झिओलाइटच्या ०.७ नॅनोमीटरच्या छिद्रांत शिरेनात, तेव्हा संशोधक पुन्हा मातीकडे वळले. १९७७-७८मध्ये ब्रिंडले व सेम्पेल्स आणि लाहाव, शानी व शाब्ताई यांनी धातूच्या ऑक्साइडचे खांब उभे केले.

कृती साधी, पण चिकाटीची. अॅल्युमिनियम क्लोराइडच्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं. त्यातून तेरा अॅल्युमिनियम अणूंचा, सात धनभारांचा मोठा आयन तयार होतो. तो सोडियमला हटवून थरांत शिरतो. मग माती धूत राहायची, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पाणी पांढुरकं होणं थांबेपर्यंत, म्हणजे क्लोराइड निघून जाईपर्यंत. शेवटी सुमारे ५०० अंशांवर भाजलं की आयनाचं ऑक्साइड होतं आणि खांब पक्का बसतो. एका थराच्या तळापासून पुढच्या थराच्या तळापर्यंतचं अंतर मग सुमारे १.८ नॅनोमीटर राहतं. खांबाविना भाजलेल्या मातीत ते एकच्या आसपास येतं.

झिर्कोनियम, टायटॅनियम, क्रोमियम, लोखंड यांचे खांबही लवकरच आले. रिफायनरीत मात्र घोडं अडलं. उत्प्रेरकावर साचलेला कोळसा जाळताना ७०० अंशांच्या आसपासची उष्णता आणि वाफ एकत्र येतात, आणि त्यात थर कोसळतात. सांडपाण्यात तसली आच नसते. म्हणून अॅल्युमिनियम-लोखंडाचे खांब दिलेली माती हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीने फिनॉल हा विषारी प्रदूषक तोडण्यासाठी अभ्यासली जाऊ लागली.