बडोद्यातून हॅम रेडिओचं लायसन्स: एक परीक्षा, दोन अर्ज

परीक्षा पास झाली की सेट घेऊन बोलायला सुरुवात करता येते, असं हॅम रेडिओची, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलण्याची, नव्याने चौकशी करणारे बहुतेक जण धरून चालतात. प्रत्यक्षात परीक्षेनंतर हातात येतं ते ऑपरेटरचं प्रमाणपत्र. त्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून एएसओसी (अमेच्युअर स्टेशन ऑपरेटर्स सर्टिफिकेट) म्हणतात. त्यावर कॉल साइन, म्हणजे स्टेशनचं हवेवरचं नाव, नसते आणि त्याच्या जोरावर सेट विकतही घेता येत नाही. सेट घ्यायला, घरात ठेवायला आणि बटण दाबून बोलायला स्टेशनचं लायसन्स लागतं. त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी, छाननीही वेगळी. परीक्षेत अडकणारे थोडेच असतात. जास्त जण या दोन कागदांच्या मधल्या जागेत अडकतात, आणि कारण बहुधा नावाचं स्पेलिंग किंवा पत्ता हेच असतं.

दोन्ही कागद केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. कलेक्टर कचेरी, महानगरपालिका किंवा पोलीस आयुक्तालयात यासाठी अर्ज करायचा नसतो. अर्ज ‘सरल संचार’ या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन भरतात. परीक्षा मात्र विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनवर प्रत्यक्ष जाऊन द्यावी लागते. बडोदेकरांना त्यासाठी अहमदाबाद सोयीचं. अंतर साधारण ११० किलोमीटर, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

इथली माहिती १९७८ च्या हौशी रेडिओ सेवेच्या नियमांवर आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांवर आधारलेली आहे. दूरसंचार कायदा २०२३ आल्यापासून जुने नियम एकेक करून नव्या चौकटीत नेले जात आहेत. म्हणून फी भरण्याआधी पोर्टलवरची ताजी सूचना एकदा वाचाच. मित्राने तीन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म बघून आपला भरू नका.

कोणाला अर्ज करता येतो

भारतीय नागरिक आणि वय १२ वर्षं पूर्ण, एवढंच. शिक्षणाची अट नाही. सातवीतली मुलगी, रावपुऱ्यातला दुकानदार, निवृत्त शिक्षक, कोणीही बसू शकतं. अठरा वर्षांखालच्या अर्जदारासाठी आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते, तेव्हा पालकाचं ओळखपत्रही स्कॅन करून तयार ठेवावं. परदेशी नागरिकांची वाट वेगळी आहे. ती दोन देशांमधल्या परस्पर मान्यतेवर चालते.

रिस्ट्रिक्टेड की जनरल

दोन श्रेणी आहेत. रिस्ट्रिक्टेडची कॉल साइन व्हीयू३ ने सुरू होते, जनरलची व्हीयू२ ने. मुख्य फरक मोर्सचा, म्हणजे आखूड-लांब आवाजांतून अक्षरं पाठवण्याच्या पद्धतीचा. रिस्ट्रिक्टेडला फक्त लेखी परीक्षा असते. जनरलला त्याशिवाय मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स ऐकून लिहून घ्यावं लागतं आणि मोर्स पाठवायच्या ‘की’वर पाठवूनही दाखवावं लागतं.

एचएफ (लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्ह) बँडवर रिस्ट्रिक्टेडला ५० वॅट आणि जनरलला ४०० वॅटची मर्यादा आहे. हे आकडे ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला दिलेल्या डीसी पॉवरचे आहेत, अँटेनाकडे जाणाऱ्या पॉवरचे नव्हेत. हा प्रश्न परीक्षेतही विचारण्याजोगा आहे. बाजारात मिळणारे बहुतेक एचएफ सेट १०० वॅट आउटपुटचे असतात, म्हणून व्हीयू३ वाल्याने मेन्यूत जाऊन पॉवर उतरवून ठेवायची. व्हीएचएफच्या (जवळच्या पल्ल्याच्या) १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ बँडवर रिस्ट्रिक्टेडला १० वॅट मिळतात. गावातल्या गावात बोलायला हँडसेटचे ५ वॅटही भरपूर होतात, कारण तिथे पॉवरपेक्षा अँटेनाची उंची जास्त काम करते.

मोर्सची मनापासून आवड असेल तर थेट जनरलला बसा. नसेल तर रिस्ट्रिक्टेडने सुरुवात करा. ७ मेगाहर्ट्झवर ५० वॅटमध्ये दिवसा गुजरात आणि महाराष्ट्रात आरामात बोलता येतं. मोर्स पक्कं होण्याची वाट बघत वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी छोटी आहे: पासपोर्ट साइज फोटो, सहीचा स्कॅन, ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, पत्त्याचा पुरावा. आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र यांतून बहुतेकांचं काम भागतं. तरी अर्ज परत येतात.

बडोद्यातल्या मराठी घरांत याची कारणं ठरलेली आहेत. गुजरातच्या कागदांवर वडिलांच्या नावाला ‘भाई’ चिकटतं, आईच्या नावाला ‘बेन’. दहावीच्या मार्कशीटवर वडील ‘सुरेशभाई’, आधारवर ‘सुरेश’, आणि आजोबांच्या काळच्या कागदावर ‘सुरेशराव’. पोर्टलवर कागद तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावं आहेत. आडनावांचंही तसंच. गायकवाड हे आडनाव इंग्रजीत ‘ए-ई’ लावून लिहिलेलंही सापडतं आणि ‘ए-आय’ लावूनही, कधीकधी एकाच घरात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, हे तर नेहमीचंच. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पत्त्याच्या पुराव्यावर सासरचं नाव येतं.

यावर उपाय एकच: अर्जाआधी एक कागद पाया म्हणून निवडायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्यायचे. पासपोर्ट असेल तर तोच निवडावा. नसेल तर आधार दुरुस्त करून घ्यावं, दहावीच्या प्रमाणपत्राच्या मागे लागण्यापेक्षा ते सोपं पडतं. पोर्टलवर खातं उघडताना नाव जसं टाकाल तसंच ते पुढे एएसओसीवर आणि तिथून लायसन्सवर जातं. घाईत आडनावाचं एक अक्षर चुकलं तर ते आयुष्यभराच्या कागदावर बसतं आणि नंतर दुरुस्तीचा आणखी एक अर्ज करावा लागतो.

स्कॅन करताना कागदाचे चारही कोपरे दिसू द्या आणि आधारच्या दोन्ही बाजू एकाच फाइलमध्ये घ्या. मोबाइलने काढलेल्या फोटोत लॅमिनेशनची चमक नेमकी जन्मतारखेवर येते, तेव्हा अपलोड करण्याआधी फाइल मोठी करून वाचून बघा.

परीक्षेचा अर्ज

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल ओटीपीने तपासून खातं उघडायचं, हौशी स्टेशन ऑपरेटर प्रमाणपत्राचा अर्ज निवडायचा, श्रेणी आणि केंद्र ठरवायचं, कागद चढवायचे आणि परीक्षेची १०० रुपये फी ऑनलाइन भरायची. पैसे कापले गेले आणि स्क्रीन तिथेच अडकली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि अर्जाची स्थिती पुन्हा उघडून बघा. ईमेल रोज बघितला जाणारा द्या. परीक्षेची तारीख आणि कागदांतल्या त्रुटी तिथेच कळतात, आणि सायबर कॅफेवाल्याचा ईमेल दिलेल्या माणसाला त्या कधीच कळत नाहीत.

परीक्षेत काय विचारतात

लेखी परीक्षेचे दोन भाग असतात: रेडिओचं तंत्र आणि नियम. रिस्ट्रिक्टेडला एक तास मिळतो, जनरलला दोन. रिस्ट्रिक्टेडला प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. जनरलला प्रत्येकी ५० आणि एकूण ५५. दोन्ही भागांत काठावर पास झालेला माणूस एकुणात नापास होऊ शकतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून एक भाग तरी चांगला हवा, आणि तो नियमांचा ठेवणं शहाणपणाचं. तिथे गणित नाही, फक्त पाठांतर आहे: क्यू कोड (क्यू ने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप), अक्षरांची आंतरराष्ट्रीय नावं, आरएसटी रिपोर्ट (समोरच्याचा सिग्नल कसा येतो त्याचे आकडे), बँडच्या हद्दी, लॉगमध्ये काय लिहायचं, संकटाचा संदेश ऐकू आला तर काय करायचं. हवेवर काय चालत नाही तेही पाठ हवं: गाणी वाजवणं, धंद्याचे निरोप, सांकेतिक भाषा, प्रसारण. लॉगमधली वेळ यूटीसीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत, असते, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. पहाटे चारला झालेल्या संभाषणावर आदल्या दिवसाची तारीख पडते.

तंत्राच्या भागात ओहमचा नियम, रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडणी, ट्यून्ड सर्किट, पॉवर सप्लाय, सुपरहेटरोडाइन रिसीव्हर, एएम, एफएम आणि एसएसबी, अँटेना, एसडब्ल्यूआर आणि लहरींचा प्रवास येतो. दहावीचं विज्ञान आठवत असेल तर महिना-दीड महिना पुरतो. गुजराती किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एक करावं: संकल्पना आपल्या भाषेत समजून घ्याव्यात, शब्द मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीतलेच वापरावेत. ‘प्रेरकत्व’ माहीत असून पेपरातलं ‘इंडक्टन्स’ ओळखता आलं नाही तर गुण हातचे जातात.

सूत्रं रट्टा मारून टिकत नाहीत, वापरली की टिकतात. तरंगलांबी मीटरमध्ये हवी तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागा. अर्ध्या लांबीच्या तारेच्या डायपोलसाठी (मधून जोडलेल्या दोन तारांच्या अँटेनासाठी) १४३ ला भागा. ७.१ मेगाहर्ट्झला उत्तर सुमारे २० मीटर येतं, म्हणजे मधून दोन्हीकडे दहा-दहा मीटर तार. हेच गणित पुढे गच्चीवर अँटेना बांधताना लागणार आहे.

मोर्सबद्दल. ८ शब्दांच्या वेगाला एक ‘डिट’ (ठिपका) १५० मिलिसेकंदांची असते. हा वेग इतका संथ आहे की शिकणारा ठिपके मोजायला लागतो आणि तिथेच फसतो, कारण मोजणारा कान दहा शब्दांच्या पुढे कधी जात नाही. अक्षरं पंधरा-अठराच्या वेगानेच ऐकावीत आणि दोन अक्षरांमधली मोकळी जागा वाढवून एकूण वेग आठवर आणावा. मोबाइलवरच्या सराव ॲपमध्ये ही सोय असते. रोज पंधरा मिनिटं पुरतात, रविवारी एकदम दोन तास बसून काही होत नाही. एक अक्षर सुटलं तर ते सोडून पुढचं पकडा. सुटलेलं आठवत बसलात तर पाठोपाठची चार जातात.

परीक्षेला जाताना मूळ ओळखपत्र, प्रवेशाचा ईमेल छापून आणि निळं-काळं पेन घ्या. साधा कॅल्क्युलेटर चालेल का, हे सूचनेत बघून ठेवा.

आता लायसन्स

एएसओसी मिळाल्यावर त्याच पोर्टलवर स्टेशनच्या लायसन्सचा दुसरा अर्ज करायचा. वीस वर्षांच्या लायसन्सची फी १००० रुपये आणि आजीवनची २०००. आजीवन लायसन्स वयाच्या ८० व्या वर्षापर्यंत चालतं. पंचवीस वर्षांच्या माणसाने आजीवनच घ्यावं. सत्तरीतल्याने वीस वर्षांचं घेतलं तर हजार रुपये वाचतात.

इथे पत्ता महत्त्वाचा. लायसन्स व्यक्तीला मिळत असलं तरी स्टेशन एका ठिकाणी असतं, आणि तो पत्ता लायसन्सवर छापला जातो. दांडिया बाजारातलं जुनं घर आधारवर आणि राहणं मात्र अलकापुरीत भाड्याने, अशी स्थिती असेल तर पडताळणीला आलेल्याला दारावर कुलूपच दिसेल. अँटेना जिथे लागणार तिथलाच पत्ता द्या, आणि त्याचा पुरावा म्हणून नोंदवलेला भाडेकरार किंवा वीजबिल जोडा.

कॉल साइनची पसंती देता येते. आधी कोणी घेतलेली नाही ना, हे तपासा. क्यू कोडसारखी दिसणारी किंवा एसओएस असलेली अक्षरं मिळत नाहीत. हौसेने नावाची आद्याक्षरं मागतात, पण बी, डी, पी, टी, व्ही ही अक्षरं गोंगाटात एकसारखी ऐकू येतात. मागितलेली तिन्ही अक्षरं तसलीच असली तर प्रत्येक संभाषणात तीनतीनदा स्पेलिंग सांगत बसावं लागतं.

सेट कधी घ्यायचा

लायसन्स हातात आल्यावरच. ट्रान्समीटर लायसन्सशिवाय नुसता कपाटात ठेवणंही बेकायदा आहे. ऑनलाइन दुकानांत वॉकी-टॉकी खेळण्यासारख्या मिळतात, म्हणून त्या चालतात असं समजू नका. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणाने विक्री करणाऱ्या प्लॅटफॉर्मना नोटिसा दिल्या होत्या. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी ताकदीचे, मान्यता असलेले सेट लायसन्सविना वापरता येतात, पण तो हॅम बँड नाही. स्वस्त हँडसेट १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही ट्रान्समिट करतात आणि त्यात इतर सरकारी सेवांच्या फ्रिक्वेन्सीही येतात. सेट आला की पहिल्याच दिवशी प्रोग्रॅमिंगमध्ये ट्रान्समिट १४४ ते १४६ पुरतं मर्यादित करून टाका.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्या. लायसन्समुळे सामायिक गच्चीवर हक्क येत नाही. वीस मीटर तार सरळ बसत नसेल तर मध्य उंच ठेवून दोन्ही टोकं खाली उतरवलेला उलटा व्ही चालतो. टोकांवर ट्रान्समिट करताना व्होल्टेज जास्त असतं, तेव्हा ती माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. आणि उत्तरायणाच्या आठवडाभर आधी तार उतरवून गुंडाळा. १४ आणि १५ जानेवारीला बडोद्याच्या गच्च्यांवर जागा उरत नाही, मांजा तारेत अडकतो, आणि तो सोडवायला कठड्यावर चढणारी पोरं शेजारच्यांची असतात.

घर बदललं तर पत्ताबदलाचा अर्ज त्याच खात्यातून करायचा. व्हीयू३ वरून व्हीयू२ वर जायचं असेल तर पुन्हा अहमदाबाद: जनरलची परीक्षा आणि मोर्स, मग श्रेणीबदलाचा अर्ज. तोपर्यंत जुनं लायसन्स आणि जुनी कॉल साइन चालू राहते.