मल्टिलेव्हल कन्व्हर्टर आणि प्रेडिक्टिव्ह कंट्रोल: पार्श्वभूमी

कारखान्यांतल्या मोठ्या मोटारी काही हजार व्होल्टवर चालतात, पण एकट्या सेमीकंडक्टर स्विचला एवढा दाब सहसा पेलवत नाही. यावर 1980-81 मध्ये जपानच्या नागाओका येथील नाबाए, ताकाहाशी आणि आकागी यांनी तीन पातळ्यांचा इन्व्हर्टर, म्हणजे डीसी विजेपासून एसी वीज करणारा आणि बाहेर दोनऐवजी तीन पातळ्यांचा दाब देणारा कन्व्हर्टर, मांडला. दोन कपॅसिटरांमधला बिंदू त्यांनी डायोडमार्फत स्विचांशी जोडला. प्रत्येक स्विचवर निम्माच दाब आला आणि बाहेर पडणारी लहर साइन वक्राच्या जवळ गेली. 1992 मध्ये तुलूझच्या मेनार आणि फॉश यांनी तरंगत्या कपॅसिटरची रचना आणली. 2003 च्या सुमारास म्युनिकच्या लेस्निकार आणि मार्क्वार्ट यांनी मॉड्युलर रचना, म्हणजे एकसारख्या छोट्या मॉड्युलांची साखळी, जगापुढे ठेवली. मुंबईसाठी आखलेली कुडूस-आरे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेची) वाहिनी याच वळणाच्या कन्व्हर्टरांवर उभी आहे.

यात एक मेख होती. पातळ्या वाढल्या तसे कपॅसिटर वाढले आणि प्रत्येकाचा दाब समतोल ठेवणे हे कंट्रोलरचे काम होऊन बसले. मोटरचा प्रवाह सांभाळायचा, मधला बिंदू ढळू द्यायचा नाही आणि स्विचिंगमधला ऊर्जाव्ययही आवरायचा. जुन्या पद्धतीत प्रत्येक अपेक्षेसाठी वेगळे ठिगळ लावावे लागे. माझ्या मते प्रेडिक्टिव्ह कंट्रोलला, म्हणजे पुढचा अंदाज बांधून निर्णय घेणाऱ्या नियंत्रणाला, या क्षेत्रात खरी जागा मिळाली ती या ओढाताणीमुळेच.

ती कल्पना आली तेलशुद्धीकरण आणि रसायन उद्योगातून. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये रिशाले आणि अमेरिकेत शेल कंपनीतले कटलर व रॅमेकर यांनी ती रुजवली: प्रक्रियेच्या गणिती प्रतिरूपावरून पुढचा अंदाज बांधायचा, सर्वांत चांगली चाल शोधायची, त्यातले पहिलेच पाऊल टाकायचे आणि पुन्हा मोजायचे. तिथे तापमान मिनिटामिनिटाने बदलते, म्हणून तेव्हाचा संगणक पुरला. कन्व्हर्टरला मात्र काही मायक्रोसेकंदांत निर्णय हवा असतो. तरीही 1983 मध्ये जर्मनीत होल्ट्झ आणि श्टाटफेल्ड यांनी प्रवाहाला मर्यादेची चौकट घालून, ती ओलांडताना पुढचा स्विचिंगचा पर्याय अंदाजाने निवडणारा कंट्रोलर बांधला.

पुढे डिजिटल प्रोसेसर वेगवान झाले आणि 2007 मध्ये चिलीच्या वाल्पराइसो येथील रॉड्रिगेझ आणि सहकाऱ्यांनी विलक्षण साधी वाट दाखवली. दोन पातळ्यांच्या तीन-फेज इन्व्हर्टरला स्विचांच्या फक्त 8 स्थिती असतात. मग आठही तपासायच्या आणि प्रवाहाची चूक जिथे सर्वांत कमी ठरेल ती निवडायची. तीन पातळ्यांत स्थिती 27, पाचमध्ये 125. मधल्या बिंदूचा समतोल हवा असेल, तर निवडीच्या सूत्रात आणखी एक पद जोडले की झाले. कोणत्या पदाला किती वजन द्यायचे, हा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. ते बहुतेकदा अनुभवाने ठरते.

दूरवर पाहायचे तर गणित हाताबाहेर जाते. तीन पातळ्यांत दहा पावले पुढचा विचार केला, तर शक्यता सुमारे 206 लाख कोटी. 2014 मध्ये गायर आणि केवेडो यांनी दूरसंचारातली स्फिअर डिकोडिंगची युक्ती वापरून बहुतेक शक्यता न तपासताच बाद करता येतात, हे दाखवले. मॉड्युलर कन्व्हर्टरमध्ये शेकडो मॉड्युल असतात. तिथे किती मॉड्युल जोडायची एवढेच प्रेडिक्टिव्ह कंट्रोलने ठरवायचे आणि नेमकी कोणती, हे कपॅसिटरच्या दाबानुसार लावलेल्या क्रमातून घ्यायचे, असा मध्यममार्ग रूढ झाला.

उद्योगाने थोडी वेगळी वाट धरली. एबीबी कंपनीच्या मध्यम दाबाच्या काही ड्राइव्हमध्ये (मोटर चालवणाऱ्या कन्व्हर्टरांमध्ये) आधीच गणित करून ठेवलेले इष्टतम पल्सचे नमुने वापरतात, आणि चालू असताना त्यांच्या वेळा तेवढ्या प्रेडिक्टिव्ह कंट्रोलने सुधारतात.