‘असतं’ फक्त एकदाच : फ्रेंचमधला भूतकाळी संकेतार्थ

‘तू फोन केला असतास, तर मी स्टेशनवर आलो असतो.’ मराठी वाक्याच्या दोन्ही अंगांना एकच घडण आहे : ‘केला असतास’ आणि ‘आलो असतो’. जे घडलं नाही ते जर-तरच्या दोन्ही बाजूंना सारखंच दाखवायचं, ही आपली रीत. फ्रेंचची रीत वेगळी आहे. तिथे हेच वाक्य असं होतं : ‘सी त्यू आवे तेलेफोने, झ सरे वन्यू आ ला गार.’ पहिल्या अंगातल्या ‘आवे तेलेफोने’चा शब्दशः अर्थ ‘फोन केला होतास’ एवढाच. तो साधा पूर्ण भूतकाळ आहे, फ्रेंचमध्ये त्याला ‘प्ल्यूस-क-पारफे’ म्हणतात. ‘असतो’ची छटा फक्त दुसऱ्या अंगात, ‘सरे वन्यू’मध्ये येते. मराठी माणूस फ्रेंच शिकताना सर्वांत जास्त अडखळतो तो इथेच, कारण त्याचा कान दोन्हीकडे ‘असतं’ मागतो आणि तोंडून ‘सी त्यू ओरे तेलेफोने’ निघून जातं.

ही चूक फ्रान्समधली मुलंही करतात. म्हणून तिथल्या शाळांत एक वाक्य पाठ करून घेतात : ‘ले सी नेम पा ले रे.’ म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही. तेच वाक्य कानाला ‘करवतींना पाकट मासे आवडत नाहीत’ असंही ऐकू येतं, त्यामुळे ते मुलांच्या डोक्यातून जात नाही. ‘रे’ हा संकेतार्थी रूपांच्या शेवटी येणारा ध्वनी. जर-वाचक ‘सी’च्या लगेच पुढच्या क्रियापदात तो आला, की वाक्य चुकलं.

आता रूप कसं बनतं ते पाहू. दोन तुकडे लागतात. पहिला सहायक क्रियापदाचा, म्हणजे ‘आव्वार’ (जवळ असणं) किंवा ‘एत्र’ (असणं) यांपैकी एकाचं संकेतार्थी वर्तमानरूप. दुसरा मुख्य क्रियापदाचं भूतकाळवाचक धातुसाधित : ‘तेलेफोने’, ‘फिनी’, ‘वन्यू’. मुख्य क्रियापद कितीही अवघड असो, त्याचं धातुसाधित एकच पाठ करायचं, बाकीचं सारं काम सहायक क्रियापद करतं. ‘आव्वार’चं अंग ‘ओर’, ‘एत्र’चं ‘सर’. त्यांना जोडायचे प्रत्यय लिहिताना पाच आहेत, पण कानाला तीनच : मी, तू, तो आणि ते या चौघांसाठी ‘ए’, आम्हीसाठी ‘यों’, तुम्हीसाठी ‘ये’. ‘झोरे’ आणि ‘त्यू ओरे’ यांचा शेवट लिहितानाही सारखाच, ‘इल ओरे’चा लिहिताना वेगळा, बोलताना तिन्ही सारखेच. लिहिताना मात्र ‘मी’च्या रूपातलं शेवटचं मुकं ‘एस’ विसरू नका. ते गळलं की संकेतार्थाचा सरळ भविष्यकाळ होतो. पुष्कळ फ्रेंच माणसांच्या उच्चारात या दोन रूपांत आता फरक उरलेला नाही, त्यामुळे कानाच्या भरवशावर शुद्धलेखन करता येत नाही.

हे प्रत्यय आले कुठून, हे कळलं की पाठांतर हलकं होतं. बोली लॅटिनमध्ये ‘कांतारे हाबेबाम’ असा प्रयोग रुळला. त्याचा शब्दशः अर्थ जवळजवळ आपल्या ‘मला गायचं होतं’ इतकाच. ‘हाबेबाम’ हे ‘जवळ असणं’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप झिजत झिजत क्रियापदाच्या शेपटीला चिकटलं आणि ‘शांतरे’, म्हणजे ‘मी गाईन’च्या भूतकाळातलं रूप, तयार झालं. ‘गायचं होतं’मध्ये ‘पण गायलो नाही’ ही सूचना जशी आपसूक येते, तशीच तिथेही आली. ‘झोरे’ या इवल्याशा शब्दात तर हे क्रियापद दोनदा आहे, एकदा ‘ओर’ म्हणून आणि एकदा प्रत्यय म्हणून.

‘आव्वार’ घ्यायचं की ‘एत्र’? बहुतेक क्रियापदं ‘आव्वार’ घेतात. जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं, पडणं, राहणं, बनणं अशी हालचालीची किंवा अवस्था बदलण्याची ठरावीक अकर्मक क्रियापदं ‘एत्र’ घेतात आणि त्यांच्यासोबत सगळी आत्मवाचकही, म्हणजे ‘स्वतःला’ अशा अर्थाचं सर्वनाम सोबत घेणारी : ‘झ म सरे त्रोंपे’, मी चुकलो असतो. यातली काही क्रियापदं कर्म घेतलं की बाजू बदलतात. ‘खाली उतरणं’ला ‘एत्र’, पण ‘बॅग खाली उतरवणं’ला ‘आव्वार’ : ‘झोरे देसांद्यू ला वालीझ.’ मराठीत ‘उतरणं’चं ‘उतरवणं’ होतं, फ्रेंचमध्ये क्रियापद तेच राहतं आणि सहायक बदलतं.

लिंग-वचनाच्या मेळात मराठी माणसाला एक फायदा आहे, तो शिकवताना फारसा कुणी सांगत नाही. ‘ती आली असती’मध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, पण ‘मी चिठ्ठी लिहिली असती’मध्ये ते कर्माप्रमाणे वळतं. हा कर्मणी प्रयोग आपल्या अंगात मुरलेला आहे. फ्रेंचमध्ये ‘एत्र’वाली धातुसाधितं कर्त्याशी जुळतात : ‘एल सरे वन्यू’ लिहिताना शेवटी एक मुका ‘ई’ जास्त लागतो. ‘आव्वार’वाली मात्र कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ती कर्माशी जुळतात, आणि तेही कर्म आधी आलं असेल तरच. ‘मी चिठ्ठी लिहिली असती’ हे ‘झोरे एक्री ला लेत्र’, इथे काही बदल नाही. पण ‘जी चिठ्ठी मी लिहिली असती’ हे ‘ला लेत्र क झोरे एक्रित’. शेवटचा तो ‘त’ स्पष्ट ऐकू येतो आणि तो चिठ्ठी स्त्रीलिंगी असल्यामुळे आला आहे. सोळाव्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने इटालियनचा दाखला देत या नियमाची बाजू मांडली आणि आजही फ्रेंच मुलं त्यावरून गुण गमावतात.

पुढची अडचण जास्त खोल आहे. ‘माझ्याकडे पैसे असते तर मी घर घेतलं असतं.’ हे वाक्य आजच्या परिस्थितीबद्दल आहे की दहा वर्षांपूर्वीच्या? मराठीत दोन्ही अर्थ बसतात. फ्रेंचला आधी निवड करावी लागते. आज पैसे नाहीत म्हणून आज घर घेत नाही, असं असेल तर पहिल्या अंगात अपूर्ण भूतकाळ आणि दुसऱ्यात ‘शांतरे’सारखा एकशब्दी संकेतार्थ. तेव्हा पैसे नव्हते आणि घर हातचं गेलं, असं असेल तरच आपलं दोन तुकड्यांचं रूप. आपली आत्याबाई याचं उत्तम उदाहरण. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ ही म्हण फ्रेंचमध्येही आहे : ‘सी मा तांत आँ आवे, ओं लापेलरे मों-नोंक्ल.’ मिशांच्या जागी तिथे ‘ते’ असा सूचक शब्द आहे, पण आपल्या कामाचा शब्द शेवटाकडचा ‘लापेलरे’. मराठीतलं ‘म्हटलं असतं’ पाहून तिथे दोन तुकड्यांचं रूप बसवायचा मोह होतो. फ्रेंच मात्र एकशब्दी रूप वापरते, कारण आत्या आजही आत्याच आहे. भाषांतर करण्याआधी एकच प्रश्न विचारावा : वेळ निघून गेली आहे का? गेली असेल तरच ‘ओरे’ किंवा ‘सरे’ला धातुसाधित जोडायचं.

दोन अंगांचे काळ वेगळेही असू शकतात. ‘सी झावे प्री ल त्रँ, झ सरे आ लियों मँतनाँ’ : गाडी पकडली असती, तर आत्ता लियोंमध्ये असतो. चूक तेव्हाची, परिणाम आत्ताचा, म्हणून दुसऱ्या अंगात एकशब्दी रूप.

‘सी’चा दुसरा अर्थ ‘का’ असाही आहे. त्या ‘सी’ला ‘रे’ चालतो : ‘झ म दमाँद सिल सरे वन्यू’, तो आला असता का, असा प्रश्न पडतो. मराठीत वाक्य ‘तर’ने जोडता येत असेल तर बंदी, ‘का’ने संपत असेल तर मोकळीक.

‘सी’ नसतानाही हे रूप भरपूर येतं. पश्चात्तापात आणि कुरकुरीत तर सतत : ‘झोरे द्यू प्रांद्र मों पाराप्लुई’, मी छत्री घ्यायला हवी होती. मराठीत इथे ‘असतं’ नाहीच, ‘हवी होती’ आहे, त्यामुळे संकेतार्थ सुचतच नाही. मग शिकणारे इंग्रजीच्या वाटेने जातात. ‘शुड हॅव टेकन’मध्ये भूतकाळ ‘टेकन’कडे जातो, म्हणून फ्रेंचमध्येही ते ‘घेणं’लाच भूतकाळात ढकलतात. फ्रेंचमध्ये भूतकाळ ‘पाहिजे’वाल्या क्रियापदाला लागतो आणि ‘घेणं’ मूळ रूपात राहतं. ‘त्यू ओरे प्यू म ल दीर’ म्हणजे ‘मला सांगायचं तरी होतंस!’ नुसत्या दोन तुकड्यांच्या रूपात नकार आणि सर्वनामं सहायकाभोवती बसतात, धातुसाधिताभोवती नाही : ‘झ त लोरे दी’, मी तुला ते सांगितलं असतं.

फ्रेंच बातम्या वाचणाऱ्याने एक उपयोग नीट समजून घ्यायला हवा. ‘ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने.’ वर्गात शिकलेल्या अर्थाने हे ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’ असं वाटतं आणि वाचणारा पुढे ‘पण’ शोधत बसतो. बातमीत त्याचा अर्थ ‘मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचं समजतं’ असा. पत्रकार जबाबदारी घेत नाही, पुष्टी झालेली नाही, एवढंच ते रूप सांगतं. मराठी वृत्तपत्रं हेच काम ‘समजते’, ‘कळते’, ‘वृत्त आहे’ने करतात आणि बोलताना आपण ‘म्हणे’ जोडतो. घडलेली नसलेली गोष्ट आणि घडली की नाही हे माहीत नसलेली गोष्ट, दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच रूप. अर्थ ठरतो शेजारच्या शब्दावरून. ‘साँ ल कोंद्युक्तर, ल त्रँ ओरे देराये’ : चालक नसता, तर गाडी रुळांवरून घसरली असती. ‘सलों ला रादियो, ल त्रँ ओरे देराये’ : रेडिओच्या बातमीनुसार गाडी रुळांवरून घसरली आहे. पहिल्या वाक्यातले प्रवासी सुखरूप घरी पोचले. दुसऱ्या वाक्यातल्या प्रवाशांच्या नातेवाइकांनी फोन लावायला घेतले असतील.