लॅपटॉपची बॅटरी आत गेली तेव्हापासून

पुण्यात दुरुस्तीच्या टेबलावर आज दोन पिढ्यांचे लॅपटॉप शेजारीशेजारी असतात. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतून वापरून निघालेले जुने थिंकपॅड आणि डेलचे लॅटिट्यूड लॅपटॉप एकीकडे, कॉलेजच्या मुलांचे पातळ, नवे लॅपटॉप दुसरीकडे. दोन्ही एकाच क्रमाने उघडायला गेलं की नुकसान होतं. क्रम बदलला तो बॅटरीमुळे.

२०१० च्या आसपासपर्यंत बहुतेक लॅपटॉपची बॅटरी बाहेरूनच निघायची. खालचे खटके सरकवले की ती हातात यायची आणि यंत्र तिथेच निर्धोक व्हायचं. खाली छोटी झाकणं असत, एकाखाली रॅम, दुसऱ्याखाली अडीच इंची हार्ड डिस्क. एवढं बदलायला एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर पुरे. मदरबोर्डपर्यंत (मुख्य सर्किट बोर्डपर्यंत) जायचं तर मात्र बहुधा वरून जावं लागे: आधी कीबोर्ड, मग पाम रेस्ट (तळहात टेकतात तो भाग), कित्येकदा पडदासुद्धा. नुसती पंख्यातली धूळ काढायला अर्धा लॅपटॉप मोकळा व्हायचा. जुनं ते सगळं सोपं होतं, असं म्हणणं म्हणूनच खरं नाही. थिंकपॅडला (पहिला १९९२ चा) मोठा आधार होता तो आयबीएमने खुल्या ठेवलेल्या दुरुस्ती-पुस्तिकांचा. त्यात कोणता स्क्रू कुठे, किती लांबीचा, हे चित्रासह असतं. २००५ मध्ये हा व्यवसाय लेनोवोकडे गेल्यावरही ती पद्धत टिकली, आणि टिकली हे फार चांगलं झालं.

२००८ च्या मॅकबुक एअरने बॅटरी आत घेतली, पण ती स्क्रूंनी बसवलेली होती. २०१० च्या एअरच्या तळाला पाच पाकळ्यांचे पेंटालोब स्क्रू आले, ते साध्या स्क्रू ड्रायव्हरने निघत नाहीत. २०११ मध्ये इंटेलने अल्ट्राबुकची, म्हणजे पातळ आणि हलक्या लॅपटॉपची, कल्पना पुढे केली आणि जाडी कमी करण्याची चढाओढ सगळ्याच कंपन्यांत लागली. जून २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवलेली आणि रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली होती. प्रोसेसरचंही तेच झालं. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत काही लॅपटॉपमध्ये तो सॉकेटमधून निघायचा, त्यानंतर जवळजवळ सगळ्यांत तो बोर्डलाच कायमचा जोडला गेला.

नव्या रचनेत तळाचं झाकण अखंड निघतं आणि पंखा समोर दिसतो. हा फायदा खराच. पण झाकण निघतं तेव्हा बोर्डवर वीज असते. म्हणून चार्जर काढून लॅपटॉप पूर्ण बंद करायचा (स्लीप चालत नाही), झाकण उघडल्यावर इतर कशालाही हात लावण्याआधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरायचं. बऱ्याच थिंकपॅडच्या बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) अंगभूत बॅटरी तात्पुरती बंद करायची सोय आहे. ती झाकण उघडण्याआधीच वापरावी. चार्जर लावला की बॅटरी पुन्हा सुरू होते. कनेक्टर काही मॉडेलमध्ये आडवा सरकतो, काहींत वर उचलला जातो. न बघता वायरी ओढल्या तर सॉकेटच बोर्डवरून उपटून येतं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक पडद्याच्या केबलची. या केबलमध्ये डेटाच्या बारीक तारांशेजारून बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्यांचा) पुरवठा जातो. बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी निघाली की तो पुरवठा शेजारच्या पिनला टेकतो आणि बॅकलाइटचा फ्यूज उडतो, नाहीतर थेट डेटाची लाइन जाते. मग पडद्यावर टॉर्च धरली तर चित्र अंधुक दिसतं, उजेड नसतो. गिऱ्हाइकाला वाटतं पडदा गेला, प्रत्यक्षात मल्टिमीटरवर तुटलेला सापडतो तो तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज.

दुसरी चूक स्क्रूंची. त्याच झाकणात ४ आणि ८ मिलिमीटरचे स्क्रू शेजारी असू शकतात. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की पाम रेस्टला फोड येतो किंवा बोर्डला इजा होते. झाकणाचं चित्र कागदावर काढून स्क्रू त्या त्या जागी ठेवणं हाच पक्का उपाय. झाकण अडलं तर जोर लावू नये. रबरी पट्टीखाली स्क्रू राहिलेला असतो, निदान एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये तरी.

बॅटरी फुगलेली असेल तर धातूचं कोणतंही हत्यार तिच्याखाली घालायचं नाही. चिकटवलेली असेल तर कडेने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून, गोंद मऊ झाल्यावर प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोडवायची. ती रोजच्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचऱ्यातच द्यावी.

कायद्याची हालचाल उशिरा सुरू झाली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली ती जुलै २०२२ मध्ये. युरोपीय संघाचा २०२३ चा बॅटरी नियम नेमका मुद्द्यावर बोट ठेवतो: १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली छोटी बॅटरी, काही अपवाद सोडता, वापरणाऱ्याला बाजारात मिळणाऱ्या हत्यारांनी काढता आली पाहिजे.